जळतो तो जोड

स्वयंपाकघरातले यंत्र बंद पडले की पहिला संशय मोटरवर जातो. मिक्सर फिरेना, तर मोटर गेली. इन्स्टंट गिझरचे पाणी तापेना, तर एलिमेंट गेले. राइस कुकर थंड पडला, तर प्लेटच जळाली. यातले काही निदान खरेही ठरते. पण तळाचे स्क्रू काढून यंत्र उघडले की पुष्कळदा वेगळेच दिसते. मोटर धड असते, एलिमेंट धड असते आणि त्यांच्यापर्यंत वीज नेणाऱ्या वायरच्या टोकाची नखाएवढी पितळी क्लिप मात्र काळीनिळी पडलेली असते. तिच्यावरचे प्लॅस्टिक वितळलेले असते, वायरचे आवरण कडक होऊन तडकलेले असते. मग ती क्लिप कापून टाकली जाते, वायरचे टोक सोलून कशाला तरी गुंडाळले जाते, वर काळी टेप बसते आणि यंत्र सुरू होते. बिलावर दोनच शब्द येतात, ‘मिक्सर रिपेअर’. वायर आणि टर्मिनल यांच्यातला हा दाबून बसवलेला जोड, ज्याला कारखान्यात क्रिम्प म्हणतात, तो कार्बन ब्रश किंवा कपलर यांच्यासारखाच यंत्राचा एक स्वतंत्र भाग आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याला माप आहे, धातू आहे, तापमानाची मर्यादा आहे, आयुष्य आहे. भाग म्हणून तो बदलला तर यंत्र पूर्ववत होते. नुसता ‘जोडून दिला’ तर बिघाड फक्त पुढे ढकलला जातो, आणि दुसऱ्यांदा येतो तेव्हा बहुधा आधीपेक्षा मोठा होऊन येतो.

मुंबईच्या उपनगरांना याची झळ अधिक लागते. १९२९ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लायने, म्हणजे जुन्या पिढीच्या बीएसईएसने, या भागात घरोघरी वीज नेली. आज तिच्या जागी अदानी इलेक्ट्रिसिटी आहे, टाटा पॉवरचेही ग्राहक आहेत आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण आहे. पुरवठा कोणाचाही असला तरी बोरिवली, अंधेरी, घाटकोपरच्या जुन्या इमारतींतल्या स्वयंपाकघरांचे वायरिंग एका वेगळ्या काळातल्या गरजा धरून झाले होते: एक दिवा, एक पंखा, मिक्सरपुरता एक प्लग, फार तर फ्रिजसाठी एक मोठा पॉइंट. आता त्याच ओट्यावर इंडक्शन शेगडी, केटल, मायक्रोवेव्ह, ओटीजी आणि एअर फ्रायर दाटीवाटीने उभे असतात. एका बाजूला गॅसची धग, दुसऱ्या बाजूला सिंकचे शिंतोडे आणि कुकरची वाफ. त्यात हवा अशी, की जुलैमध्ये आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. वर्सोव्याला समुद्राचा आणि घाटकोपर-मुलुंडच्या बाजूला खाडीचा खारेपणा त्या दमट हवेत मिसळतो. तांबे आणि पितळ यांना काळे पाडायला एवढे पुरेसे असते.

या शहराचा मिक्सरशी असलेला संबंध तर एका न झालेल्या दुरुस्तीतूनच सुरू झाला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सीमेन्समध्ये अभियंता असलेले सत्यप्रकाश माथुर मुंबईत राहत होते. त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांचा ब्राउन कंपनीचा जर्मन मिक्सर जळाला आणि इथे तो दुरुस्त होईना. युरोपातल्या घरांत फळांचा रस आणि सूप घुसळण्यासाठी केलेल्या मोटरला भिजवलेली डाळ, ओले खोबरे आणि सुकी हळद पेलणे शक्यच नव्हते. माथुर यांनी भारतीय वाटणाला टिकेल अशी जोरकस मोटर घडवली आणि पॉवर कंट्रोल अँड अप्लायन्सेस या त्यांच्या कंपनीचा ‘सुमीत’ मिक्सर देशभरच्या घरांत पोहोचला. या कथेत मोटरला नेहमीच मान मिळतो, आणि तो रास्त आहे. पण वाटण घट्ट झाले की मोटर जास्त प्रवाह ओढते, आणि तो जास्तीचा प्रवाह प्लगच्या पिनेपासून ब्रशपर्यंतच्या प्रत्येक जोडातून जातो. वायर जिथे प्लगमध्ये शिरते तिथे जोड, फिरत्या स्विचच्या प्रत्येक पात्यावर जोड, तळाशी लाल बटण असलेल्या ओव्हरलोडला दोन जोड, ब्रशच्या घरांना जोड. असे डझनभर सहज भरतात. भारतीय स्वयंपाकासाठी मोटर बदलावी लागली, तर त्याच भाराखाली राबणाऱ्या जोडांची काळजी दुरुस्तीत तितकीच घ्यायला नको का?

क्रिम्प म्हणजे नुसते चिमटणे नव्हे. तांब्याच्या बारीक तारांचा पीळ टर्मिनलच्या नळीत घालून ठरलेल्या मापाच्या साच्यात दाबला जातो. दाब इतका असतो की तारांचा गोलपणा जाऊन त्या एकमेकींना बहुकोनी होऊन चिकटतात आणि मधली हवा निघून जाते. पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पापुद्रा फाटतो आणि उघडा धातू उघड्या धातूला भिडतो. त्या जागी हवा आणि ओल शिरू शकत नाही, म्हणून जोड आतून काळा पडत नाही. मागच्या बाजूचे दोन छोटे कान वायरच्या आवरणाला कवेत घेतात. वीज वाहण्याशी त्यांचा संबंध नसतो. हादरा आणि ताण तांब्यावर न येता आवरणावर यावा, एवढेच त्यांचे काम. १९४१ साली अमेरिकेत यू. ए. व्हिटेकर यांनी स्थापन केलेल्या एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स कंपनीने, जी पुढे एएमपी म्हणून ओळखली गेली, डाख न वापरता केलेले असे जोड विमानांसाठी आणि जहाजांसाठी मोठ्या प्रमाणावर तयार केले. पात्यावर सरकवून बसवायची ‘फास्टन’ क्लिपही याच कंपनीची. आज घरगुती यंत्रांत सर्वत्र दिसणारी ६.३, ४.८ आणि २.८ मिलिमीटर रुंदीची पाती त्याच घराण्यातली आहेत. विमानाच्या हादऱ्यांसाठी उपयोगी ठरलेली पद्धत मिक्सरच्या हादऱ्यांना चालते, यात नवल नाही.

जोड का जळतो, हे साध्या गणितातून कळते. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह ओढते. जोडात तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. चांगल्या क्रिम्पचा रोध सहस्रांश ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. तेवढ्या रोधात तयार होणारी उष्णता एका वॅटच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे नगण्य. तोच जोड सैल होऊन त्याचा रोध एक दशांश ओहम झाला की तिथे साडेसात वॅट उष्णता निर्माण होते. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर ओढतो, तिथे हाच आकडा १७ वॅटवर जातो. रेडिओ दुरुस्तीचा छोटा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो, हे लक्षात घेतले तर नखाएवढ्या पितळेचे काय होत असेल ते उघड आहे. पितळ तापले की त्याची पकड ढिली पडते, पकड ढिली पडली की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते, आणि तापलेला धातू अधिक वेगाने गंजतो. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

यातला खरा धोका असा, की घरातल्या कोणत्याही संरक्षक उपकरणाला हे चक्र दिसत नाही. एमसीबी प्रवाह जास्त झाला की पडतो. इथे प्रवाह नेहमीइतकाच असतो, किंबहुना थोडा कमीच. ईएलसीबी किंवा आरसीसीबी वीज जमिनीकडे गळली की पडतो. इथे गळती नसते. जोड लाल होईपर्यंत मीटरबॉक्समधले सगळे खटके निवांत वर राहू शकतात. आग लागल्यावर कारणाच्या रकान्यात ‘शॉर्टसर्किट’ लिहिले जाते, पण पुष्कळ वेळा शॉर्टसर्किट हा शेवटचा टप्पा असतो. त्याआधी कित्येक आठवडे कुठेतरी एक सैल जोड वायरचे आवरण भाजत बसलेला असतो. म्हणून खटका पडला नाही, म्हणजे सगळे ठीक आहे, हा समज घरातून जायला हवा.

आता जळलेल्या क्लिपच्या जागी प्रत्यक्षात काय होते ते पाहू. पहिला प्रकार पिळून टेप मारण्याचा. वायरच्या तारा स्विचच्या पात्याच्या भोकातून ओवून पीळ देतात आणि पीव्हीसीची टेप गुंडाळतात. अशी टेप साधारण ८० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते; एलिमेंटजवळ तिचा गोंद पाघळतो आणि ती सुटून लोंबू लागते. दुसरा प्रकार साध्या पकडीने क्लिप चेपण्याचा. क्लिप नवी असते, पण पकडीचा जबडा तिला चपटी करतो, तारांभोवती वळवत नाही. बाहेरून जोड घट्ट दिसतो, आत तारांमध्ये पोकळी राहते, आणि आपली दमट हवा त्या पोकळीत शिरून महिना-दोन महिन्यांत तांबे काळे करते. तिसरा प्रकार जुनीच सैल क्लिप पकडीने दाबून पुन्हा पात्यावर ठोकण्याचा. एकदा तापून निळी झालेली पितळी क्लिप कितीही दाबली तरी तिची लवचीक पकड परत येत नाही, कारण धातूच मऊ झालेला असतो. चौथा प्रकार डाख देण्याचा. त्याचा विचार वेगळा करायला हवा, कारण त्याच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा गंभीर आहे.

डाखाची बाजू अशी: झाळलेला जोड धातूने भरलेला, सलग असतो, जुन्या काळचे रेडिओ डाखावरच उभे होते आणि आजही चालतात, मग पितळ चेपण्यापेक्षा डाख श्रेष्ठ नाही का? सर्किट बोर्डावर तो श्रेष्ठच आहे. काही मिक्सरच्या स्विचवर कारखान्यातच वायरी झाळलेल्या असतात, तिथे पुन्हा झाळणेच योग्य. पण तापणाऱ्या, हादरणाऱ्या वायरवर डाखाचे तीन दोष पुढे येतात. कथिल आणि शिसे यांचा नेहमीचा साठ-चाळीस डाख १८३ अंशांना वितळू लागतो. बिघडत चाललेला जोड ते तापमान गाठू शकतो, आणि मग वायर गळून पडते. दुसरे, वितळलेला डाख तारांमधून आवरणाच्या आत चढतो. तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि हादऱ्याने नेमका ताठ भाग संपतो तिथे तुटतो. तिसरा दोष सर्वांत कमी जणांना ठाऊक आहे. डाखाने घट्ट केलेले टोक स्क्रूखाली किंवा क्लिपमध्ये दाबले, तर मऊ डाख दाबाखाली हळूहळू सरकत राहतो आणि जोड आपोआप सैल होतो. म्हणूनच घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३३५, ज्याच्या आधारे आपले आयएस ३०२ चालते, दाबाखाली येणाऱ्या सुट्या तारा डाखाने एकजीव करायला मनाई करते; डाख सरकला तरी जोड बिघडणार नाही अशी खास रचना असेल तरच सूट. अमेरिकेची अंतराळसंस्था नासादेखील आपल्या वायरिंगच्या मानकात डाख दिलेली वायर क्रिम्प करू देत नाही. ‘आधी चेपा, मग वरून थोडा डाख द्या, म्हणजे डबल पक्के’ ही सल्ल्याची परंपरा प्रेमळ असली तरी चुकीची आहे.

राइस कुकरमध्ये तर हा वाद एका छोट्या भागावर येऊन संपतो. प्लेटजवळ काचतंतूच्या नळीत एक थर्मल फ्यूज लपवलेला असतो. ठरावीक तापमानाला तो कायमचा तुटतो, आणि तुटणे हेच त्याचे काम. त्याची टोके कारखान्यात क्रिम्प केलेली असतात, कारण काळजी न घेता झाळायला गेले तर आयर्नच्या उष्णतेनेच तो तिथल्या तिथे तुटतो. नवा फ्यूज झाळताना दोनदा गेला की मेकॅनिक वैतागतो आणि फ्यूज काढून तिथे सरळ वायर जोडतो. कुकर चालू होतो, आणि थर्मोस्टॅट अडकला तर त्याला थांबवणारे काहीच उरत नाही. योग्य आकाराची एक पितळी नळी आणि ती दाबायचे एक हत्यार हाताशी नसल्यामुळे घरातली सुरक्षेची शेवटची पायरी काढून टाकली जाते, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करणारी वाटते.

नीट दुरुस्ती कशी होते, ते सविस्तर सांगायला हवे, म्हणजे गिऱ्हाइकाला काय मागायचे ते कळेल. क्लिप पात्यावरून काढताना वायर ओढायची नसते. पुष्कळ क्लिपांना कुलपासारखी जीभ असते, ती दाबून क्लिपलाच धरून काढायची. मग वायर मागे मागे कापत जायचे, लालसर, चकचकीत तांबे दिसेपर्यंत. ओल आणि उष्णता आवरणाच्या आतून पुढे सरकलेली असते, म्हणून काळवंडलेला भाग बाहेरून दिसतो त्यापेक्षा लांब असतो, आणि काळे तांबे नव्या टर्मिनलमध्ये दाबले तर नवा जोड जन्मतःच आजारी असतो. सोलताना एकही तार तुटता कामा नये. टर्मिनल वायरच्या मापाचे हवे: दुकानात मिळणाऱ्या आवरणवाल्या थिंबलमध्ये लाल रंग ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीसाठी, निळा १.५ ते २.५ साठी, पिवळा ४ ते ६ साठी असतो. पण हे रंगीत प्लॅस्टिकवाले थिंबल एलिमेंटजवळ चालत नाहीत. तिथे उघडे टर्मिनल आणि त्यावर सिलिकॉनची किंवा काचतंतूची स्लीव्ह लागते. कथिलाचा मुलामा दिलेले पितळ शंभर-सव्वाशे अंशांपुढे फार काळ टिकत नाही, म्हणून ओटीजी किंवा एअर फ्रायरच्या एलिमेंटवर निकेलचा मुलामा दिलेले पोलादी टर्मिनल असते. तिथे चकचकीत पितळी बसवले तर ते दिसायला सुंदर आणि टिकायला कच्चे ठरते. वायर कमी पडली तर जोडायचा तुकडाही तितक्याच तापमानाचा हवा. साधी पीव्हीसी वायर ७० अंशांची असते, सिलिकॉनची १८० अंशांची. दोघी जाडीला सारख्या दिसतात आणि कामाला अजिबात सारख्या नसतात.

त्यानंतर येते ते हत्यार. उघड्या कानांच्या क्लिपला कान आत वळवून तारांत रुतवणारा साचा लागतो, आवरणवाल्या थिंबलला लंबगोल साचा लागतो. एकाचे काम दुसऱ्यावर होत नाही. रॅचेटवाले क्रिम्पिंग टूल पूर्ण दाब बसल्याशिवाय उघडतच नाही, म्हणून दाब हाताच्या जोरावर किंवा कंटाळ्यावर अवलंबून राहत नाही. जोड झाल्यावर तो ओढून पाहायचा. क्रिम्पच्या आंतरराष्ट्रीय मानकात एक चौरस मिलिमीटरच्या वायरीने १०८ न्यूटन, म्हणजे सुमारे ११ किलोची ओढ सोसावी अशी अपेक्षा आहे. दुकानात तेवढे मोजायला यंत्र नसते, पण हाताने जोरात ओढल्यावर निघणारा जोड नापास, एवढे तरी ठरवता येते. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते ती समोरच्या पात्याची. क्लिप जळाली तेव्हा स्विचचे किंवा थर्मोस्टॅटचे पातेही तिच्याबरोबर भाजलेले असते. ते निळेकाळे, खडबडीत झाले असेल तर त्यावर नवी क्लिप चढवणे म्हणजे जुना रोग नव्या शरीराला देणे. पॉलिश पेपरने हलकी झिलई परत येत नसेल तर स्विचच बदलावा लागतो, आणि तसे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे लागते.

यावर अनुभवाचा आक्षेप येतो: पिळून टेप मारलेला मिक्सर आमच्याकडे दहा वर्षे चालतो आहे, त्याचे काय? तो चालतो, कारण साडेसातशे वॅटचा मिक्सर नेहमीच्या भाराला सव्वातीन अँपिअरच ओढतो आणि दिवसातून पाच-दहा मिनिटेच चालतो. जोडाला तापायला वेळच मिळत नाही. पण त्याच हातांनी, त्याच पद्धतीने इंडक्शनचा किंवा गिझरचा जोड केला, तर प्रवाह तिप्पट-चौपट आणि वेळ अर्धा-पाऊण तास. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती तिप्पट होत नाही, नऊ ते सोळा पट होते. मिक्सरवर कमावलेला विश्वास गिझरला लावणे, हीच या आक्षेपातली चूक आहे. मिक्सरमध्येसुद्धा भांडे अडकले की प्रवाह क्षणात कितीतरी पट होतो, आणि पिळलेला जोड त्या क्षणांची नोंद आपल्या अंगावर ठेवत जातो.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे. कारखान्यात क्रिम्प यंत्रावर होतो, त्याची उंची मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजली जाते. गल्लीतल्या दुकानातले हातचे टूल त्याची बरोबरी करू शकत नाही, मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला देऊन अख्खी वायर-जोडणीच का बदलू नये? बदलता येत असेल तर जरूर बदलावी. पण जुन्या मॉडेलची जोडणी मिळत नाही, हे उपनगरातल्या कुठल्याही दुरुस्ती दुकानाला ठाऊक आहे, आणि मग निवड कारखान्याचा क्रिम्प की हातचा क्रिम्प अशी राहत नाही. ती हातचा क्रिम्प की टेप, अशी होते. योग्य साच्याचे टूल आणि योग्य टर्मिनल असले तर हातचा क्रिम्प घरगुती प्रवाहासाठी पुरेसा विश्वासार्ह असतो. मोटरच्या ॲल्युमिनियम वाइंडिंगचे टोक मात्र याला अपवाद आहे. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइड चिवट असतो आणि तारेवर वार्निश असते, त्यासाठी वार्निश भेदणारे खास टर्मिनल लागते. तिथे रिवाइंडिंगवाल्याकडेच जावे.

तिसरी हरकत पैशाची आहे, आणि मला ती सर्वांत खरी वाटते. टर्मिनल काही रुपयांचे; लोहार चाळीत, मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, पाकिटाने मिळते. चांगले रॅचेट टूल काही शे ते हजार-दीड हजारांत येते. म्हणजे साहित्य महाग नाही. महाग आहे तो वेळ. काळी वायर मागे कापणे, सोलणे, स्लीव्ह चढवणे, पाते तपासणे, यात अर्धा तास जातो, आणि गिऱ्हाईक काउंटरवर उभे राहून म्हणते, ‘दादा, वायरच तर सुटलीये, त्याचे काय एवढे पैसे?’ ब्रश बदलला तर जुना ब्रश हातात देता येतो, त्याचे पैसे कोणी नाकारत नाही. जोडाचे काम दिसत नाही, म्हणून त्याचे मोल मिळत नाही, म्हणून ते करणारा माणूस तोट्यात जातो. घाटकोपरच्या किंवा बोरिवलीच्या स्टेशनजवळ चढ्या भाड्याच्या गाळ्यात दिवसाला यंत्रे मोजून घर चालवणाऱ्या कारागिराला अडाणी ठरवणे अन्यायाचे आहे. अशा कारागिरांपैकी अनेकांना योग्य पद्धत माहीत असते. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रमात वायरचे जोड, लग क्रिम्प करणे आणि घरगुती उपकरणांची दुरुस्ती हे सगळे शिकवले जाते. गिऱ्हाइकाने ‘टर्मिनल बदलले, दोन नग’ असे बिलावर लिहून मागितले आणि त्याचे वेगळे पैसे दिले, जळालेली क्लिप परत मागून पाहिली, तर ते ज्ञान दुकानातही वापरले जाईल. ‘फेकून नवा घ्या’ हा त्याच हरकतीचा दुसरा चेहरा. एका क्लिपपायी धड मोटर, धड भांडी आणि धड स्विच भंगारवाल्याच्या तराजूत घालणे हा हिशेब मला कुठूनही बसवता येत नाही.

घरच्या माणसाने हे काम स्वतः करावे का? मिक्सरच्या किंवा केटलच्या प्लगमध्ये वायर नीट बसवणे, इतपत हात असलेल्या माणसाने करायला हरकत नाही. तिथेही तारांना डाख न देता छोटी नळीसारखी फेरूल दाबून मगच स्क्रू आवळावा. मायक्रोवेव्ह मात्र उघडूच नये. त्यातला कॅपॅसिटर दोन हजारांहून अधिक व्होल्टचा असतो आणि प्लग काढल्यावरही जीव घेऊ शकतो. कारागिराकडून मात्र शेवटच्या चाचण्यांचा आग्रह धरावा: यंत्राच्या धातूच्या अंगापासून यंत्रातल्या अर्थ टर्मिनलपर्यंतचा रोध मानकाप्रमाणे ०.१ ओहमच्या आत आहे ना, ५०० व्होल्टच्या मेगरवर, म्हणजे आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरवर, गळती नाही ना, आणि दहा मिनिटे भारावर चालवून, प्लग काढून, नवा जोड हाताला गरम लागत नाही ना. घरात ओळखण्याच्या खुणा याहून सोप्या आहेत. भाजलेल्या प्लॅस्टिकचा माशासारखा वास, प्लगच्या एकाच पिनेजवळ तपकिरी डाग, चालू असताना आतून येणारी बारीक तडतड. २००० वॅटची शेगडी अ‍ॅडॉप्टर लावून ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवणाऱ्या घरांत हा डाग आधी सॉकेटवर दिसतो.

सरकारी पातळीवर दुरुस्तीचा हक्क आता चर्चेत आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केले, आणि पुढे दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक ठरवण्याचेही काम हाती घेतले. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांत उपकरणांची यादी १०६ वर गेली आहे. या चर्चेत सुटे भाग मिळणे, माहितीपुस्तिका मिळणे आणि स्क्रू साधे असणे यांवर भर असतो, आणि तो योग्यच आहे. जोडाचा विचार त्यात धरायचा तर मागण्या अगदी ठोस करता येतात. पाती प्रमाणित ६.३ किंवा ४.८ मिलिमीटरचीच असावीत. कोणत्या जागी किती तापमानाची वायर आणि कोणत्या धातूचे टर्मिनल आहे, हे तळाच्या झाकणाच्या आत छापलेले असावे. आणि कारखान्यात खर्च वाचवण्यासाठी वायर इतकी तंग कापली जाते की जळालेले टोक छाटल्यावर ती पात्यापर्यंत पोहोचतच नाही. मग चांगला कारागीरही तुकडा जोडतो, म्हणजे एका जोडाच्या जागी दोन करतो. प्रत्येक टर्मिनलमागे चार सेंटिमीटर जादा वायर ठेवली, तर तेवढ्यात पुढची निदान एक दुरुस्ती निघते.